सैल पट्टा

१

चिकपेटेत आमचं साड्यांचं दुकान आहे. आत शिरलं की गादी, मग कपाटं, आणि मागच्या खोलीत जायच्या वाटेवर डोक्यावर अट्टा. अट्टा म्हणजे लाकडी माळा, पेट्या ठेवायला. आजोबांनी तो स्वतःच्या उंचीवर बेतून घातला, कारण आमच्या घराण्यात सगळे बुटके. या गावात येऊन आम्हाला तीन-साडेतीनशे वर्षं झाली, बोलण्यात कन्नड शिरलं, सांबारात गूळ शिरला, उंची मात्र काही वाढली नाही. आम्ही त्या अट्ट्याखालून ताठ मानेनं जातो आणि गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, "अण्णा, डोकं सांभाळा." एकदा बळ्ळारीकडचा एक फौजदार लेकीच्या लग्नाची खरेदी करायला आला. मी सांगेपर्यंत धाडकन आपटला. मी म्हणालो, "साहेब, या दुकानात मान वर करून चालायचा मान फक्त आमच्या घराण्याला." तो इतका हसला की ठरवल्यापेक्षा जास्त साड्या घेऊन गेला.

ही गोष्ट मी येईल त्याला सांगतो. माझी बायको मथुरा म्हणायची, "संध्याकाळी दुकान बंद होतं, तुमचं तोंड नाही." खरंच आहे. शाळा मी अर्ध्यात सोडली, जे शिकलो ते गादीवर शिकलो. पदर उलगडायचा, स्वतःच्या खांद्यावर टाकायचा आणि समोरच्या बाईला म्हणायचं, "अक्का, हा रंग तुमच्यासाठीच विणलाय." अर्धी साडी तोंडानं विकली जाते.

हल्ली माझं बोलणं कमी झालंय. म्हणून हे लिहून काढतो.

२

दुपारी मी मेट्रोनं जयनगरला घरी येतो, जेवतो, थोडा आडवा होतो आणि ऊन उतरलं की परत दुकानात. लग्न झाल्यापासून हाच क्रम. आधी बस होती, आता मेट्रो, एवढाच फरक.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मथुराचं लालबागेत फिरणं बंद झालं. दिवसभर झोपायच्या खोलीत बसून ती खिडकीतून पलीकडच्या घराची भिंत बघायची. माझी भाची संहिता हेब्बाळला कुठल्याशा टेक पार्कमध्ये नोकरी करते. तिनं सुचवलं, "मामा, मामीला व्हीआर हेडसेट घ्या. डोळ्यांवर चढवलं की समुद्र, जंगल, सगळं घरात. चालायलासुद्धा नको."

मी घेतला. पांढरा, गुळगुळीत, पुढून बंद डबा आणि मागे डोक्याला आवळायचा पट्टा. मथुरानं त्याचं नाव ठेवलं चष्मा. आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत, मग ती मिक्सर असो की मोटार. तिनं चष्मा देवासमोर ठेवला, हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि मग डोळ्यांवर चढवला. आत समुद्र कुठला, सगळं हेलकावे खायला लागलं. ती ओरडली, "अहो, धरा मला!"

संहिताला व्हिडिओ कॉल लावला. तिनं बघितलं आणि हसून हसून बेजार झाली. "मामी, पुढे ते काळे ठिपके आहेत ना, ते त्याचे कॅमेरे. त्यांनीच तो खोली बघतो. तू त्याच्या डोळ्यांत कुंकू घातलंयस!"

आम्ही पुसलं. सगळं सुरळीत झालं. मथुरा समुद्रकाठी गेली आणि खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर वारा लागल्यासारखं दिसलं. कॉल संपवता संपवता संहितानं आणखी एक सोय शिकवली. चष्मा घातलेल्याला जे दिसतं ते हॉलमधल्या टीव्हीवर आणता येतं, माझ्या फोनवर एक बटण दाबलं की झालं. "मामी कुठे अडकली तर तुम्हाला कळेल ती काय बघतेय."

तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

३

एका दुपारी ती स्वयंपाकघरात असताना म्हटलं, बघू तरी समुद्र. डोक्यावर चढवला, तर चष्मा सरळ नाकावरून हनुवटीवर आला. पट्टा शेवटपर्यंत सोडलेला. आतल्या दोन काचांमधलं अंतरही होतं तेवढं ताणलेलं, भलत्याच रुंद चेहऱ्याला लागेल इतकं.

"अगं, पट्टा कोणी सैल केला?"

"मला काय माहीत? मी आहे तसाच घालते."

माझं डोकं लहान. तिचं माझ्याहून लहान. घडी बघून मी सांगू शकतो की साडी आधी कोणी उलगडली होती का आणि उलगडणारा हात डावा होता की उजवा. हा पट्टा तिनं सैल केला नव्हता, हे मला तिथेच कळलं.

तरी मनाला समजावलं. प्लॅस्टिक आहे, सरकत असेल. दुकानातून ब्लाउजपीस आखायचा निळा खडू आणला आणि पट्टा तिच्या मापाला आवळून तिथे रेघ मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं. रेघ होती, पण पार आत गेलेली, आणि पट्टा पुन्हा जितका लांब होतो तितका लांब.

त्याच आठवड्यात आणखी एक झालं. मी जिना चढत होतो आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीतून तिचं हसणं ऐकू आलं. टीव्ही बघताना हसतात तसलं नाही. कोणीतरी समोर असताना बाई हसते तसलं. आत गेलो तर ती पलंगावर बसलेली, चष्मा बाजूला लोडाला टेकवून ठेवलेला. आणि अंगावर आंब्याच्या रंगाची इरकल. ती मीच आणून दिली होती, कैक वर्षांपूर्वी. तोवर तिनं तिची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी बोलणार? गाणं गुणगुणत होते." आणि मग, कपाळावरचे केस मागे सारत, "येताना एक फोन करत जा ना."

लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्याच घरी येताना मी फोन करायचा?

४

वरच्या मजल्यावर विलास राहतो. बेळगावकडचा, बायको वारलेली, एके काळी व्हॉलीबॉल खेळायचा. दारातून येताना खाली वाकावं लागतं इतका उंच. गच्चीवरचा कढीपत्ता तोडून मथुराला आणून देतो. आतापर्यंत मला तो सज्जन वाटायचा.

दुकानात बसून मी पदर दाखवत होतो आणि डोळ्यांसमोर कढीपत्ता येत होता. एका अक्कांना मोरपिशी साडी दाखवताना म्हणून गेलो, "ही कोणासाठी नेसणार?" त्या उठून गेल्या.

शेवटी रविवारी विलासला कॉफीला बोलावलं. गोड बोलून म्हटलं, "हे नवं खेळणं बघा की. तुमच्यासारख्या उंच माणसाला शोभेल." पट्ट्याला हात लावला नाही. सैल होता तसाच त्याच्या डोक्यावर चढवला आणि श्वास रोखून बसलो. पट्टा त्याला बरोबर बसला असता, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

चष्मा त्याच्याही नाकावरून घसरला.

"काय हे अण्णा, कुठल्या पैलवानासाठी घेतलंय?" तो हसला. "हत्तीचं डोकं पाहिजे की याला." हातानं धरून त्यानं तो डोळ्यांना टेकवला. चष्म्यात एक सोय असते, समुद्र वगैरे न दाखवता समोरची खोलीच दाखवायची, जरा धुरकट. तेच लागलं असावं, कारण तो म्हणाला, "हां, हॉल दिसतोय. तुम्ही दिसताय. लई बुटके दिसताय अण्णा! आणि आत अक्का पलंगावर..."

तिथे तो थांबला. झोपायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत मथुरा एकटीच कपडे घडी करत होती.

विलासनं चष्मा काढला. दाराकडे एकदा उघड्या डोळ्यांनी बघितलं. मग चष्मा टेबलावर उलटा ठेवला, काळे ठिपके खाली करून.

"काय झालं?"

"काही नाही. गॅसवर दूध ठेवलंय की मी, विसरलोच."

कॉफी तशीच राहिली. तेव्हापासून कढीपत्ता बंद झाला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण आता माझ्याकडे शंका घ्यायलाही माणूस उरला नाही.

५

संहिताला फोन केला. बायकोबद्दल भाचीशी काय बोलणार? म्हटलं, बिघाड आहे, सारखा सैल होतो, आणि यातून कोणाशी बोलता येतं का तेही सहज विचारलं. तिनं तिकडूनच काय काय तपासलं.

"गप्पांचं एकही ॲप नाहीये यात, मामा. फक्त समुद्र आणि जंगल. यातून मामी कोणाशी बोलेल हे शक्यच नाही." मग जरा थांबून, "पण एक विचित्र आहे. याला कळतं जमीन कुठे आणि डोळे कुठे. तुमच्याकडे डोळे फारच वर दाखवतोय. स्टुलावर उभं राहून घातला होता का कोणी?"

"मामी तो गुडघा घेऊन स्टुलावर चढेल?"

"सरी, ठीक आहे, मग सेन्सर गंडलाय. जमीन परत दाखवूया त्याला."

तिनं सांगितलं तसं मी जमिनीला हात टेकवून त्याला जमीन दाखवली. आतलं सगळं पुसून पहिल्यापासून बसवलं, अगदी दुकानातून आणला तसा. पट्टा आवळला. संहिता म्हणाली, "आता परफेक्ट, मामा. तुमचीच उंची दाखवतोय."

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. तिच्या फोनवर ते अजून दिसत होतं. आवाज जरा बारीक झाला होता. "मामा, परत तेच. आणि डोळे काल होते त्यापेक्षा थोडे वरच. तुम्ही ते मशीन परत करून टाका ना."

मी मथुराला विचारलं, परत देऊ का. तिनं चष्मा जवळ ओढला आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेला मी नवरा नव्हतो, हप्त्यावर घेतलेली वस्तू उचलायला आलेला माणूस होतो.

६

त्या दिवशी मी फोन न करता आलो. चपला जिन्यातच काढल्या. किल्लीनं दार उघडलं. हॉलमध्ये दुपारचं ऊन, पंखा फिरत होता, झोपायच्या खोलीचं दार बंद. आतून तिचा आवाज येत होता, हळू, सलग. मध्येच, "ऐकतोयस ना तू?"

मला ती आयुष्यात कधी अरेतुरे बोलली नाही. अहो म्हणते, रागावली तरी अहोच म्हणते.

दार ढकलायचं धाडस झालं नाही. टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि फोनवरचं ते बटण दाबलं. मनात म्हणालो, समुद्र दिसू दे.

खोली दिसली. आमचीच. धुरकट, आणि वरून. कपाटाच्या माथ्यावर मी ठेवलेल्या बॅगा दिसत होत्या, त्यांच्यावरची धूळसुद्धा. पलंगावर मथुरा बसली होती, तोंड वर करून. चष्मा तिच्या डोळ्यांवर नव्हता. ती चष्म्याकडे बघत बोलत होती. त्या चेहऱ्याचं काय सांगू? सगळी वर्षं तो चेहरा माझ्या घरात होता आणि तो असा होऊ शकतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्यातला व्यवहारी माणूस अजून जागा होता. तो म्हणत होता, चष्मा कपाटावर ठेवला असेल. खिळ्याला टांगला असेल.

मग चित्र हललं. सावकाश वळलं, जसा कोणी आवाज ऐकून मान वळवतो. भिंत आली, कॅलेंडर आलं, दार आलं. दार जवळ येऊ लागलं. अगदी जवळ आल्यावर चौकटीची वरची पट्टी समोर आली आणि चित्र खाली झुकलं. बाहेर पडताना विलास वाकतो तसं.

मी टीव्ही बंद केला.

दार उघडलं नाही. आतला आवाज थांबला होता. पंख्याची कुरकुर तेवढी चालू होती. शेवटी उठून मीच दार उघडलं. मथुरा एकटी पलंगावर. चष्मा लोडापाशी, पट्टा लांब सोडलेला. मी तो उचलला. चेहऱ्याला लागतो तो आतला स्पंज गरम होता, आणि घामानं ओला.

७

"कोण आहे तो?" मी विचारलं.

तिनं नाकारलं नाही. ते मला जास्त लागलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"काय बोलतो?"

"काही नाही. ऐकतो."

बस. बाजारातला माणूस आहे मी. भावाला भाव देता येतो, मालाला माल दाखवता येतो. समोरचा काहीच विकत नसेल तर त्याच्याशी स्पर्धा कशी करायची?

त्या दुपारी देवघरातलं कुंकू तेलात कालवलं आणि चष्म्याचे सगळे ठिपके एकेक करून भरून टाकले, जाड. पूजा म्हणून नाही. डोळे फोडायचे म्हणून. आणि कपाटात कुलपात ठेवला, किल्ली जानव्यासारखी गळ्यात घालून दुकानात गेलो.

संध्याकाळी परत आलो. कुलूप जसंच्या तसं होतं. मथुरानं दार उघडलं. ती वर्षानुवर्षं टिकली लावते, कुंकू सणावारालाच. आज कपाळभर कुंकू होतं. रुंद अंगठ्याचं, तेलकट, केसांपासून भुवयांपर्यंत वरून खाली ओढलेलं. समोर उभं राहून नव्हे, उंचावरून लावलेलं.

कुलूप उघडलं. चष्मा आत होता. ठिपके स्वच्छ, काळेभोर.

८

फेकून का दिला नाही, असं तुम्ही म्हणाल. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायला लागलं तर त्या दुकानाला मी कुलूप लावू शकत नाही. आत जाऊन बघतो ते काय देतात.

ती आंघोळीला गेली असताना मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसलो आणि चष्मा चढवला. पट्टा आवळला नाही. दोन्ही हातांनी धरून बसलो. ती आली, मला बघितलं, दचकली नाही. पलंगावर बसली आणि बोलायला लागली. नजर माझ्याकडे होती, पण माझ्या डोळ्यांवर नव्हती. वीतभर वर.

मी बोललो असतो तर तिचं बोलणं तिथेच तुटलं असतं. म्हणून गप्प बसलो. जन्मात पहिल्यांदा कोणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

ती म्हणाली, "नवी नवरी होते तेव्हा मला दुकानात नेलं होतं. हे गादीवर बसून पदर खांद्यावर टाकून दाखवत होते. कुठल्या कुठल्या बायका, अक्का हे बघा, अक्का ते बघा. मला वाटलं घरी गेल्यावर माझ्यासाठीही टाकतील. कधी नाही. मला कायम घडी आणून दिली, पिशवीत. ती आंब्याच्या रंगाची पण पिशवीतच." मग हसली. "तुला ते आठवतंय, हो ना? तू तेव्हा तिथेच होतास, अट्ट्याखाली, वाकून."

उठून आत्ता एक पदर उलगडावा असं वाटलं. पण ती मला सांगत नव्हती. त्याला सांगत होती. मी उठलो असतो तर तिनं परत गाणं गुणगुणल्याचं नाटक केलं असतं, आणि हे सगळं त्याच्याकडेच राहिलं असतं.

म्हणून दुसऱ्या दुपारीही बसलो. आणि त्यानंतरच्या. आता घरी येताना फोन करतो.

कधीपासून हातांनी धरावं लागत नाही, ते माझ्या लक्षात आलं नाही. पट्टा सैल होता तेवढाच आहे. त्याला मी हात लावलेला नाही.

९

दुकानात माझ्याबद्दल म्हणतात, संताजीअण्णा हल्ली गप्प असतात. एक जुनं गिऱ्हाईक आलं, म्हणालं, "अण्णा, ती फौजदाराची गोष्ट सांगा की." मी हसलो नुसता. गोष्ट आठवत होती, तोंड उघडावंसं वाटलं नाही.

त्याच्यासाठी पैठणी आणायला मागच्या खोलीकडे निघालो. ज्या वाटेनं लहानपणापासून ताठ मानेनं जातोय त्याच वाटेनं. आणि अट्ट्याची कड कपाळावर इतक्या जोरात बसली की मी खालीच बसलो. सगळे हसले. त्यांना वाटलं, काही तरी नवीन विनोद असेल.

घरी आलो तेव्हा डोकं अजून गरगरत होतं. चष्मा घातलेला नव्हता. तो लोडापाशी होता. मथुरानं कपाळावरचं टेंगूळ बघितलं आणि हळद उगाळून आणली.

आमच्या लग्नात हार घालताना दोघांपैकी कोणालाही टाचा उचलाव्या लागल्या नव्हत्या. सारख्या उंचीचं जोडपं म्हणून पाहुणे कौतुक करत होते.

ती समोर उभी राहिली, मान मागे टाकून, आणि थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. वीतभर वर नाही. माझ्याच डोळ्यांत, आणि चेहरा तोच, टीव्हीवर दिसलेला. किती दिवस मला तोच हवा होता. पण आता हेवा कोणाचा करायचा ते कळेना.

मी तिला नावानं हाक मारायला गेलो. आवाज आला नाही.

हळदीची वाटी डाव्या हातात धरून तिनं उजवा हात वर केला आणि लाजून हसली.

"वाक ना स्वल्प," ती म्हणाली. "हात पोचत नाही."